सासूबाईंच्या भजनाची डीव्हीडी

प्रश्न: माझ्या सासूबाईंच्या महिला भजनी मंडळाला यंदा पंचवीस वर्षं झाली. मुलुंडला हॉल घेऊन कार्यक्रम झाला. मी तो मोबाइल ट्रायपॉडवर लावून दोन भागांत शूट केला. एक भाग १ तास २० मिनिटांचा, दुसरा ५५ मिनिटांचा. आता मंडळातल्या अठराही जणींना त्याची डीव्हीडी हवी आहे. लिंक पाठवली तर म्हणतात, "ते मोबाइलमधलं नको, टीव्हीवर लावता येईल असं दे." भावाचा डीव्हीडी रायटर आणून मी दोन्ही फाइल डिस्कवर कॉपी केल्या. लॅपटॉपवर मस्त चालतात, सासूबाईंच्या प्लेअरमध्ये घातल्या की 'नो डिस्क'. मग एक फुकटातला कन्व्हर्टर उतरवून घेतला. तो तीन तास चालला आणि शेवटी व्हिडिओच्या मधोमध स्वतःचं नाव छापून मोकळा झाला, तेही नेमकं पेटीवाल्या काकूंच्या तोंडावर. पैसे भरले तर नाव जाईल म्हणे. खरोखर फुकट असं काही मिळतं का? सगळे हँडब्रेक नावाचं सॉफ्टवेअर घ्यायला सांगतात, तो घेऊ का?
— एक सूनबाई, मुलुंड

उत्तर:

सूनबाई, हँडब्रेक या कामाला घेऊ नका. का ते पुढे सांगतो. त्याआधी सासूबाईंना घेऊन बसा आणि अठरा जणींना फोन लावायला सांगा. घरी डीव्हीडी प्लेअर आहे का, आणि तो चालतो का, एवढंच विचारायचं. 'आहे' आणि 'चालतो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टीव्हीखालच्या कप्प्यात क्रोशाचं कापड पांघरून बसलेला प्लेअर मी मुंबईतल्या निम्म्या घरांत पाहिलाय, आणि त्यातले बरेचसे ट्रे उघडायलासुद्धा तयार नसतात.

हे विचारायला सांगतोय कारण ज्यांच्या घरी गेल्या काही वर्षांत घेतलेला टीव्ही आहे, त्यांना डिस्कची गरजच नाही. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला यूएसबीचं भोक असतं. तुमच्या मोबाइलची फाइल पेनड्राइव्हवर टाकून तिथे खोचली, तर बहुतेक टीव्ही ती सरळ चालवतो, शिवाय डीव्हीडीपेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ दिसतं. पेनड्राइव्ह जुन्या डीव्हीडी प्लेअरच्या पुढच्या भोकात खोचायचा विचार असेल, तर मात्र तो सोडून द्या. ते प्लेअर बहुधा फॅट३२ पद्धतीनेच फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतात. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. आणि एवढं जमवलं तरी त्यांना डिव्हएक्स किंवा एक्सव्हिड प्रकारची एव्हीआय फाइल लागते, मोबाइलची नाही.

उरलेल्या जणींसाठी डीव्हीडी. माझा अंदाज आठ-नऊ जणी निघतील.

तुमची पहिली डिस्क 'नो डिस्क' का म्हणाली? डिस्क खराब नव्हती. डीव्हीडी हा प्रकार १९९६ मध्ये जपानमध्ये बाजारात आला आणि त्याचे नियम तेव्हाच ठरून गेले. चित्र एमपेग-२ नावाच्या पद्धतीने दाबून साठवलेलं, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ एवढं, सेकंदाला २५ फ्रेम. आवाज ४८ किलोहर्ट्‌झचा. आणि हे सगळं 'व्हिडिओ_टीएस' नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावांच्या फाइलींत बसवलेलं. डिस्क आत गेली की प्लेअर तो फोल्डर शोधतो. तो नसेल तर त्याच्या लेखी डिस्कवर काहीच नाही. तुमचा मोबाइल ज्या पद्धतीने शूट करतो ती एच.२६४ पद्धत २००३ ची, किंवा तिच्याही नंतरची एचईव्हीसी, म्हणजे २०१३ ची. सासूबाईंच्या प्लेअरमधल्या चिपला ही नावंसुद्धा ऐकून माहीत नाहीत.

म्हणजे आपण ज्याला 'कन्व्हर्ट' म्हणतो त्यात तीन कामं आहेत. चित्र एमपेग-२ करणं हे पहिलं. मग त्याला मेनू, चॅप्टर लावून तो फोल्डर तयार करणं. याला ऑथरिंग म्हणतात. मग डिस्क राईट करणं. लोक सॉफ्टवेअर सुचवतात ते यातल्या कुठल्या तरी एकाच कामाचं, आणि समोरचा गोंधळतो. हँडब्रेक उत्तम आहे, फुकट आहे, त्यात कसलाही डाग नाही. पण त्याची वाट उलटी आहे. तो डीव्हीडीवरून किंवा फाइलवरून एमपी४, एमकेव्ही अशा फाइली बनवून देतो. डीव्हीडीचा फोल्डर तो बांधत नाही, डिस्कही राईट करत नाही. तुम्हाला तो सुचवणारे खोटं बोलत नव्हते, त्यांचं काम दुसरं होतं, इतकंच.

विंडोज सातपर्यंत मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा डीव्हीडी मेकर सोबत यायचा. विंडोज आठपासून तो काढून टाकला, त्यामुळे तो तुमच्या लॅपटॉपवर शोधू नका. कोणीतरी तुम्हाला डीव्हीडी फ्लिक हे डीव्हीडी बनवायचं सॉफ्टवेअरही सांगेल. मलाही तो आवडायचा. पण त्याची शेवटची आवृत्ती २००९ ची. तुमच्या मोबाइलने एचईव्हीसीत शूट केलं असेल तर चार वर्षांनी जन्माला आलेली पद्धत त्याला कशी कळणार?

तुम्ही डीव्हीडीस्टायलर हे फुकटातलं सॉफ्टवेअर घ्या. तिन्ही कामं एकाच ठिकाणी होतात, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि त्याचा कोड खुला आहे. 'आता पैसे भरा' म्हणत नाही, कोणाच्या तोंडावर नाव छापत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डीव्हीडे हाही चांगला पर्याय आहे, पण तो तुमच्यासाठी नाही. एकच सांभाळा. डीव्हीडीस्टायलर त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. शोधात वर येणाऱ्या भल्यामोठ्या हिरव्या 'डाउनलोड' बटणांवर बोट ठेवू नका. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचा. कुठे 'हेही सोबत टाकू का' अशी खूण आधीच केलेली दिसली तर ती काढा. मी एकदा घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलो होतो. त्यानंतर महिनाभर माझा ब्राउझर उघडला की कसलं तरी कूपन दाखवायचा.

तो उघडला की पहिल्याच चौकटीत तुमची निम्मी कामं होतात. डिस्कची क्षमता ४.७ जीबी. कॉम्प्युटर हाच आकडा ४.३७ दाखवेल, घाबरू नका, दुकानदाराने फसवलेलं नाही, मोजायची पद्धत वेगळी आहे. पाल की एनटीएससी (ती अमेरिका-जपानची टीव्ही पद्धत), तर पाल. आपल्याकडे दूरदर्शन १९८२ मध्ये रंगीत झालं ते पालवरच, आणि जुन्या टीव्हीला पाल कधी नको होत नाही. आकार १६:९, कारण तुम्ही मोबाइल आडवा धरला होता (ट्रायपॉडवर होता म्हणजे आडवाच असणार असं गृहीत धरतो, उभा असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, त्याला इलाज नाही). रिजनचा, म्हणजे डिस्क कुठल्या देशांत चालेल त्या क्रमांकाचा, विचार करू नका. भारताचा रिजन ५ असतो तो विकतच्या सिनेमांसाठी. घरी बनवलेली डिस्क सगळीकडे चालते.

आता बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवायची तो आकडा. इथे मी थोडा रेंगाळतो, कारण चित्र चांगलं येतं की भुरभुरीत येतं ते इथेच ठरतं. हिशेब सोपा आहे. ४.७ जीबी म्हणजे साधारण ३७,६०० मेगाबिट. तुमचा कार्यक्रम दोन्ही भाग मिळून १३५ मिनिटांचा, म्हणजे ८,१०० सेकंद. भागाकार केला की सेकंदाला ४.६ मेगाबिट येतात. त्यातच आवाज बसवायचा आणि थोडी जागा रिकामी ठेवायची. म्हणून चित्राला 'ऑटो' न ठेवता ४०००चा आकडा द्या (तो किलोबिटमध्ये असतो, म्हणजे चार मेगाबिट). डीव्हीडीच्या नियमात चित्राला ९.८ मेगाबिटपर्यंत मुभा आहे. एक तासाचाच कार्यक्रम असता तर मी आठ द्यायला सांगितले असते. पण तुमच्या बायका सतरंजीवर बसून गात आहेत, कॅमेरा हलत नाही, मागे पडदा एकाच रंगाचा. अशा चित्राला चार पुरतात. हीच दोन तासांची लेझीम असती, तर प्रत्येक उडीला चित्राचे चौकोन पडले असते, आणि मी तुम्हाला दोन डिस्क करा म्हणालो असतो.

आवाजात काटकसर करू नका. भजनात टाळ आहेत. टाळांचा तो खणखणीत, चिरकत जाणारा नाद कमी बिटरेटवर सगळ्यात आधी बिघडतो. पाण्याखालून ऐकल्यासारखा होतो. पेटी आणि गळे चालून जातात, टाळ नाही. म्हणून आवाजाचा प्रकार एसी३ आणि बिटरेट २५६ किलोबिट ठेवा. एलपीसीएम नावाचा बिनदाबाचा आवाजही डीव्हीडीवर चालतो, पण तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खातो. १३५ मिनिटांत तेवढी चैन परवडत नाही.

सासूबाईंना आधीच सांगून ठेवा की मोबाइलवर दिसतं तसं टीव्हीवर दिसणार नाही. मोबाइलने १०८० ओळींत शूट केलं, डीव्हीडीला ५७६ ओळी. पैठणीच्या पदरावरचे मोर दिसतील, पण मोराचे डोळे दिसणार नाहीत. बत्तीस-चाळीस इंची टीव्हीवर दहा फुटांवरून बघताना ते खटकत नाही. टीव्हीला नाक लावून बघणाऱ्या नातवाला खटकेल.

एक कटकट मात्र येऊ शकते. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो, आणि त्याही मोजून मापून नाही. अंधार झाला की कमी, उजेड आला की जास्त. डीव्हीडीला मात्र घड्याळासारख्या २५ लागतात. या फरकामुळे कधीकधी आवाज हळूहळू मागे पडत जातो. सुरुवातीच्या अभंगाला कळत नाही, तासाभराने टाळ आपटतात आधी आणि आवाज येतो नंतर. तुमचं असं झालं, तर आणि तरच, हँडब्रेकला बोलवा. दोन्ही फाइली त्यातून एकदा काढा. फ्रेमरेट २५, 'कॉन्स्टंट'. क्वालिटीचा आकडा १८च्या आसपास (तिथे आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं). त्या नव्या फाइली डीव्हीडीस्टायलरला द्या. म्हणजे तुम्हाला हँडब्रेक सांगणाऱ्यांचाही मान राहील. ३०च्या २५ करताना काही फ्रेम गळतात, हाताच्या झटपट हालचाली किंचित अडखळतात. बसून गाणाऱ्यांच्या बाबतीत फक्त टाळ वाजवणाऱ्या दोघींच्या हातांत ते दिसेल. पुढच्या वेळी मोबाइलच्या सेटिंगमध्ये २५ चा पर्याय असेल तर तोच ठेवा. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे हॉलच्या ट्यूबलाइटच्या सरकत्या पट्ट्याही २५ वर येत नाहीत.

मेनूवर फार वेळ घालवू नका. डीव्हीडीस्टायलरमध्ये तयार साचे आहेत, पण त्यात कुठे फुगे आहेत, कुठे समुद्रकिनारा. त्यापेक्षा मंडळाचा ग्रुप फोटो घ्या, फोनवरच त्यावर मंडळाचं नाव आणि 'रौप्यमहोत्सव' असं मराठीत लिहून चित्र सेव्ह करा, आणि तेच मेनूची पार्श्वभूमी म्हणून लावा. अक्षरं चित्रातच असल्यामुळे जोडाक्षरं फुटायची भीती नाही. दोनच बटणं ठेवा, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध, चांगली मोठी. रिमोटच्या बाणांनी सतराशे साठ खिडक्या फिरणं त्या वयात कोणाला नको असतं.

वेळ घालवायचा तो चॅप्टरवर घाला. हे काम कोणी करत नाही. प्रत्येक अभंग जिथे सुरू होतो ती वेळ टिपून तिथे चॅप्टर लावला, तर रिमोटच्या 'नेक्स्ट'च्या बटणाने थेट पुढच्या अभंगावर उडी मारता येते. पेटीवाल्या काकूंना स्वतःची गौळण पंचविसाव्यांदा बघायची असणार, त्यासाठी त्यांनी दर वेळी तासभर फॉरवर्ड करायचं का? वेळा टिपायचं काम सासूबाईंवर सोपवा. वही-पेन घेऊन लॅपटॉपसमोर बसू देत. कुठली ओवी कुठे संपली हे तुमच्यापेक्षा त्यांना चटकन कळेल. आणि कोण बेसूर झालं यावर दोन तास चर्चा होईल, ती तुम्ही ऐकू नका.

सगळं जमलं की डीव्हीडीस्टायलर विचारतो, सरळ डिस्क राईट करू की आयएसओ इमेज, म्हणजे सबंध डिस्कची एकाच फाइलीतली प्रत, बनवू. आयएसओ. एकदा ती एक फाइल तयार झाली की तिच्यावरून कितीही डिस्क काढता येतात, दर वेळी कन्व्हर्ट करत बसावं लागत नाही. शिवाय डिस्क वाया घालवण्याआधी ती फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून मेनू, चॅप्टर, शेवटच्या अभंगाचा आवाज, सगळं तपासता येतं. हे काम रात्री लावून झोपा. त्या वेळात लॅपटॉपवर ऑफिसचं काम केलंत तर दोन्ही कामं रडतील.

राईट करायला इमगबर्न हे सॉफ्टवेअर घ्या. शेवटची आवृत्ती २०१३ ची असली तरी डिस्क राईट करण्याच्या कामात तेव्हापासून नवीन काही झालेलं नाही. विंडोजमध्येही आयएसओवर उजवं क्लिक करून राईट करता येतं, पण मला वेग स्वतःच्या हातात हवा असतो. का, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या बारा डिस्क मी केल्या होत्या. ब्लँक डिस्कच्या डब्यावर १६एक्स (म्हणजे मूळ वेगाच्या सोळापट) लिहिलं होतं, म्हणून १६एक्सवर, धडाधड. एका संध्याकाळी बाराच्या बारा तयार. स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरून निरोप आला, आरती छान, पण मंत्रपुष्पांजलीला देव गोठतात. मग तिसऱ्या मजल्यावरून तोच निरोप. नऊ घरांत देव मंत्रपुष्पांजलीलाच गोठले. कारण नंतर कळलं. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि वेगात लिहिताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या कडेजवळ. मी डिस्क गळ्यापर्यंत भरली होती, त्यामुळे शेवटची आरती नेमकी कडेवर होती. जुन्या प्लेअरची लेन्स आधीच धुळीने मंदावलेली, तिला त्या चुका पचल्या नाहीत. लॅपटॉपवर मात्र सगळ्या डिस्क चालत होत्या, म्हणून मी आधी दोन दिवस शेजाऱ्यांच्या प्लेअरनाच दोष देत हिंडलो.

म्हणून वर बिटरेटमध्ये मी तुम्हाला थोडी जागा सोडायला लावली. आता वेग ४एक्स ठेवा. रायटर तेवढं खाली येत नसेल तर देईल तो सगळ्यात कमी. ४एक्सवर भरलेल्या डिस्कला साधारण चौदा-पंधरा मिनिटं लागतात, 'व्हेरिफाय'ची खूण केली तर आणखी थोडी. नऊ डिस्क म्हणजे दोन संध्याकाळी, शेजारी भाजी निवडत बसलात तरी होतील. डिस्क डीव्हीडी-आर घ्या. अधिक आणि वजा असे दोन प्रकार मिळतात, त्यातला वजावाला. अगदी जुन्या प्लेअरशी त्याचं जास्त जमतं असा माझा अनुभव. लॅमिंग्टन रोडला अजून डबे मिळतात. दुकानदार बिनब्रँडचा स्वस्त डबा पुढे करेल, तो बाजूला सारून नावाजलेल्या कंपनीच्या दहा डिस्क घ्या.

डिस्कवर कागदी गोल स्टिकर चिकटवू नका. मंडळात कोणीतरी हौशी असेल, रंगीत प्रिंट काढून आणेल. गोड बोलून नाही म्हणा. स्टिकर जरा जरी वाकडा लागला तर डिस्क डगमगते, आणि मुंबईच्या पावसाळ्यात कडा सुटून तो प्लेअरच्या आत अडकतो. मऊ टोकाच्या सीडी मार्करने वर नाव लिहा. तो प्रिंट डबीच्या कव्हरमध्ये घाला, हौसही भागेल.

आणि आधी एकच डिस्क काढा. ती सासूबाईंच्या प्लेअरवर तपासू नका, तो बरा असेल. अठरा जणींत सगळ्यात जुना, सगळ्यात हट्टी प्लेअर कोणाकडे आहे ते फोनवर कळलंच असेल. त्या घरी डिस्क घेऊन जा, चहा घ्या, आणि पूर्वार्धापासून भैरवीपर्यंत सबंध १३५ मिनिटं ती तिथे चालू द्या. भैरवी न अडकता पार पडली, की घरी येऊन उरलेल्या राईट करायला घ्या.